नानकटाईचं निमित्त

घराला कुलूप बघून माझं डोकं फिरलं. पुण्याहून एसटीने धक्के खात आलेली मी, हातात दोन जड पिशव्या, आणि बाबांचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी आईचं वर्षश्राद्ध होतं. त्यासाठीच मी येणार होते आणि तसं फोनवर सांगितलंही होतं. माझे वडील म्हणजे उभा जन्म एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. कुठली गाडी कुठे अडकली आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. स्वतःची मुलगी कधी येणार, तेवढं मात्र ध्यानात राहत नव्हतं. मी ठरल्यापेक्षा आधीची गाडी पकडली होती हे खरं, पण कुलपासमोर उभ्या असलेल्या माणसाला असला हिशेब सुचत नाही.

पायरीवर बसून वाट बघण्याची माझी तयारी नव्हती. पिशव्या दाराशी टाकल्या आणि चहा शोधायला निघाले. मिरज हे माझं गाव नव्हे. बाबांच्या बदल्यांमुळे माझं लहानपण इस्लामपूर, विटा, जत अशा ठिकाणच्या क्वार्टर्समध्ये गेलं. मिरजेत आईबाबा निवृत्तीनंतर आले, तोवर माझं लग्न झालेलं होतं. त्यामुळे पोस्टामागच्या त्या बोळात मी त्या दिवशी पहिल्यांदाच शिरले, आणि तेही निव्वळ वासाच्या मागे.

बेकरी म्हणावी असं तिथे काही दिसत नव्हतं. पत्र्याचं छप्पर, निळ्या फळ्यांचं दार, पाटी नाही. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, काचेचं. तेव्हा दारात सात-आठ बायका डबे घेऊन बसल्या होत्या. दिवाळी तोंडावर आली होती आणि घरचा रवा, मैदा, तूप, पिठीसाखर देऊन बेकरीतून नानकटाई भाजून घ्यायची पद्धत त्या भागात अजून जिवंत होती. आपलं सामान द्यायचं, आपल्या नावाचा पत्रा भट्टीत जाईपर्यंत थांबायचं आणि भाजून आलेली नानकटाई डब्यात भरून घरी न्यायची. आई दरवर्षी हेच करायची. डबे बघून तिची आठवण आली आणि आली म्हणून पुन्हा चिडचिड झाली.

"चहा मिळेल का?" मी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं.

"च्या न्हाई ताई, च्या पलीकडं." पन्नाशीचा, दाढीवाला, भुवयांवरसुद्धा मैदा उडालेला गृहस्थ होता. "क्रीमरोल खाऊन बघा की. बसा. लांबनं आलासा जणू."

मला क्रीमरोल आवडत नाही. वरून कोरडा, आत डालड्याचा गोळा, आणि खाल्ल्यावर दिवसभर टाळूला मेणाचा थर. पण भूक होती. त्याने बशीत रोल घालून हातात दिला आणि मी उभ्या उभ्या चावा घेतला.

मग मी बसले. तिथल्या बाकावर एका म्हातारीला सरकायला लावून बसले. वरचे पापुद्रे दातांखाली मोडत होते आणि लगेच विरघळत होते. आतली मलई घरच्या लोण्याची होती, गोड म्हणावी तर बेताची, आणि वेलचीचा वास खाऊन झाल्यावर मागून यायचा. पुण्यात मोठमोठ्या दुकानांतून डौलदार खोक्यांत बांधून दिलेलं मी पुष्कळ खाल्लं होतं. त्यातलं एकही या रोलच्या जवळ येणारं नव्हतं. सकाळपासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

"अजून एक द्या," मी म्हटलं.

"आवडला न्हवं?" तो खूश झाला. "थांबा, हे गार झाल्यात. आतनं ताजं आणाय सांगतो." आणि मागच्या पडद्याकडे तोंड करून त्याने हाक मारली, "साहेब, दोन रोल आणा की भाईर."

पडदा हलला. बनियनवर, कोपरापर्यंत पांढरे हात, डोक्याला पंचा गुंडाळलेला, असा एक म्हातारा ताटली घेऊन बाहेर आला. ते माझे वडील होते.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. डबेवाल्या बायकाही बघत राहिल्या.

"निरू," बाबा म्हणाले. "तुझी गाडी पावणेपाचची ना?"

"आधीच्या गाडीने आले."

"ती इस्लामपुरावरून येते. उगाच वळसा पडला तुला."

गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला होता. "साहेबांची लेक व्हय तुमी? अवो मग आधी सांगायचं न्हाई का? मी बादशाह नदाफ. तुमी आत्ता खाल्लासा तो रोल साहेबांनीच केलाय बघा. सा म्हैनं झालं येत्यात. लई हलका हात हाय साहेबांचा. आमच्या कारागिराला जमत न्हाई अशी घडी घालत्यात."

माझ्या जिभेवर अजून वेलची होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

बाबांनी पंच्याला हात पुसले, खुंटीवरच्या शर्टातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. किल्लीलाही पीठ लागलं होतं. दुसरा रोल मी घेतला नाही.

आता मला राग का आला, हे सांगायला हवं. म्हाताऱ्या वडिलांना विरंगुळा सापडला यात वाईट काय, असं माझ्या नवऱ्यालाही पुढे वाटलं होतं. त्याचं आणि माझं त्यावरून दोन दिवस भांडण झालं.

माझ्या वडिलांनी आईला आयुष्यात एक कप चहा करून दिला नाही. तापाने फणफणलेली असतानाही नाही. गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जेवायला बसल्यावर मीठ हवं असेल तर ते मीठ मागायचे नाहीत, नुसते थांबायचे, आणि आईने ओळखायचं. जेवण झालं की ताटातच हात धुवायचे आणि उठायचे. ताट तिथेच. शितं, कढीपत्ता आणि आमटी त्या खरकट्या पाण्यात तरंगायची, आणि आई ते ताट दोन्ही हातांनी तोलत मोरीकडे न्यायची. तिला त्याची शिसारी होती. एकदाच बोलली माझ्यापाशी, "हात तेवढे नळावर धुतले असते तर." त्यांच्यापाशी कधी बोलली नाही. शेवटी शेवटी पाठीला पट्टा बांधून वाकायची, तरी ताट तीच उचलायची.

आणि पदार्थाला नावं ठेवायची सवय. स्टँडवरच्या केबिनमधला माइक घरीही चालूच असायचा. भाजी तेलकट आहे. पोळी कडेने कच्ची आहे. नानकटाई टाळूला चिकटते. आई म्हणायची, "हो का." एवढंच. जन्मभर मी तिच्या तोंडून "हो का" ऐकत आले.

तोच हा माणूस भट्टीच्या धगीत घाम गाळत परक्या बायकांसाठी पापुद्र्यांच्या घड्या घालत होता. आणि हात हलका होता म्हणे. म्हणजे तो हात पहिल्यापासून घरातच होता.

मी कुलूप उघडलं, पिशव्या आत ओढल्या आणि कारण नसताना ओटा घासायला घेतला. ओटा स्वच्छ होता. तेही सहन होईना.

थोड्या वेळाने बाबा आले. शर्ट घातलेला, हात धुतलेले. दारात चपला नीट जोडीने काढल्या.

"चहा करतो," ते म्हणाले.

"येतो करता?"

"येतो. शिकलो आता."

"कधी शिकलात?"

"ती गेल्यावरच. आधी काय गरज होती?"

हे वाक्य त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. घासणी सिंकमध्ये आपटून मी त्यांच्याकडे वळले.

"गरज नव्हती? आई पाठीला पट्टा बांधून पोळ्या लाटत होती, तेव्हा गरज नव्हती?"

"तेव्हा नोकरीच्या वेळा तशा होत्या."

"निवृत्त झाल्यावर? तेव्हाही मिरज स्टँडवरच्या गाड्या तुमच्यावाचून अडत होत्या का?"

बाबा चहाचं आधण ठेवून खुर्चीवर बसले. ते भांडत नव्हते, याचा मला जास्तच त्रास होत होता. आयुष्यभर आवाज चढवणारा माणूस नेमका माझी पाळी आल्यावर गप्प बसला होता.

"अक्काचा फोन आला होता," ते म्हणाले. अक्का म्हणजे माझी आत्या. ती दुसऱ्या दिवशी सांगलीहून स्वयंपाकाला येणार होती. "सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. म्हणाली, वर्षश्राद्धाला मंदाच्या आवडीचं काहीतरी करायला हवं, काय करू? मला सांगता येईना."

"मग काय सांगितलंत?"

"पुरणपोळी म्हणालो."

"ती तुम्हाला आवडते."

"हो." ते टेबलावरचा कपडा सारखा करत राहिले. "तिला काय आवडायचं, तुला माहीत होतं?"

मी आठवू लागले. शेंगदाण्याची चटणी? भाताची खरवड? उरलेलं सगळं ती खायची, आणि उरलेलंच तिला आवडतं असं आम्ही समजून चाललो होतो. उत्तर नाही म्हणून माझी चीड वाढली आणि ती मी त्यांच्यावरच काढली. "नवरा तुम्ही होता तिचा, मी नाही."

"म्हणून तर," बाबा म्हणाले. "गेल्या दिवाळीत तिने नानकटाईला सामान दिलं होतं आणि मधेच ती गेली. तो डबा बादशाहकडेच राहिला होता. तेराव्यानंतर त्याने घरी आणून दिला. अक्काचा फोन आल्यावर मला त्याची आठवण झाली. म्हटलं, ही तिथे जायची, त्याला विचारून बघू. तो लगेच म्हणाला, क्रीमरोल. काकू आल्या की एक रोल खायच्याच."

"आई बेकरीतलं खात नव्हती."

"खात होती."

"त्या रोलला वरून अंड्याचा हात असतो. मी आत्ता खाल्लाय, मला कळतं."

"अंड्याचाच. मी स्वतः लावतो आता, ब्रशने."

माझ्या दहाव्या वाढदिवसाला शेजारच्या फर्नांडिसबाईंनी घरी केक करून आणला होता, गुलाबी फुलांचा. अंड्याचा वास येतो म्हणून याच माणसाने तो परसात नेऊन कुत्र्यापुढे ठेवला. आईने माझे डोळे पुसले आणि शिरा केला. ती तेव्हाही "हो का" म्हणाली असेल, मला आठवत नाही.

"उद्या गुरुजी जेवून गेले की फोटोपुढे ठेवणार आहे," बाबा म्हणाले. "विकतचा ठेवता आला असता. पण एकदा तरी तिला आपल्या हाताने करून घालावं, असं वाटलं."

"फोटोला घालणार?" माझा आवाज चिरकला. "ती होती तेव्हा रोज दुपारी समोर बसलेली असायची. तेव्हा नाही सुचलं? फोटो बरा पडतो. फोटोची पाठ दुखत नाही, फोटोला तहान लागत नाही, आणि तुम्हाला वर समाधान. बाबा, उद्या तुम्ही तो रोल तिच्यापुढे ठेवलात, तर मी परत या घरात पाऊल टाकणार नाही. आई गेलीच आहे. तुम्हीही मग एकटेच बसा घड्या घालत."

हे मी गंमत म्हणून बोलले नव्हते. त्यांनाही ते कळलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ठेवणार नाही असं काही ते म्हणाले नाहीत. चहा आटून गेला.

दिवेलागणीला मी पुन्हा त्या बोळात गेले. आईवर कुणी खोटंनाटं तर घालत नाही ना, एवढं मला विचारून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर कुणाशी तरी अजून भांडायचं होतं. बादशाह नमाजाला गेला होता. गल्ल्यावर त्याची बायको हलीमा होती, ठेंगणी, चुणचुणीत, हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिने फळी उचलून मला आतच घेतलं.

भट्टीच्या खोलीत धग होती. भिंतीला मैद्याची पोती लावलेली, एकावर घडी केलेली गोधडी.

"काकूंची जागा ती," हलीमा म्हणाली. "बसा."

मी बसले नाही. "माझी आई इथे क्रीमरोल खायची?"

"खायच्या की. एकच, पर खायच्या."

"अंड्याचा असतो ते माहीत होतं तिला?"

"पयल्याच दिवशी सांगिटलं मी. बामनाच्या बाईला फसवून घालू व्हय? तर म्हटल्या, असू दे. मी कुनाला सांगत न्हाई, तू बी सांगू नगंस."

"दर दिवाळीला?"

"दिवाळीला कश्याच्या? म्हैन्यातनं एक डाव तरी हायच. नानकटाईचा डबा घिऊन यायच्या. पत्रा लागला की तास-दीड तास जातोय, बाकीच्या बायका सामान दिऊन बाजाराला जात्यात. काकू न्हाई जायच्या. हितं पोत्यावर बसायच्या, पाय वर घिऊन. बोलायच्या बी न्हाईत फार."

मला पुण्याला येणारे डबे आठवले. उन्हाळ्यात नानकटाई, श्रावणात नानकटाई. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती आई डबा पाठवायची आणि मी कंटाळून ऑफिसात वाटून टाकायची.

"मी एकदा इचारलंच," हलीमा सांगत होती. "काकू, येवढी नानकटाई तुमच्यात खातंय कोन? तर हसल्या. म्हटल्या, कुनी न्हाई. घरात आवडत न्हाई आनि लेक वाटून टाकती. मग म्हटलं, तूप-साखर कश्याला घालवतासा? नुस्तं या की बसाय. तर म्हटल्या, नुस्तं भाईर पडाय येत न्हाई गं. हातात कायतरी काम लागतंय."

भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मी गोधडीच्या टोकावर टेकले.

"रोल येवढा आवडायचा तिला?"

हलीमाने पदराने कपाळ पुसलं. "सांगू का तुमास्नी? राग धरू नगासा."

"सांगा."

"पयल्या बारीला खाऊन झाल्यावर त्या उठल्या आनि बशी धुवाय लागल्या. मी हातातनं काढून घेतली. म्हटलं, बसा काकू, तुमी पाव्हन्या हाईसा. तर अश्या बघत ऱ्हायल्या माज्याकडं. मग दर बारीला तसंच. खाऊन झालं की बशी खाली ठिवायच्या आनि मी उचलूस्तवर बघत बसायच्या. एकदा मी गिऱ्हाइकात अडकले, घटकाभर आलेच न्हाई. आत येऊन बघतेय तर काकू तश्याच, बशीसमोर बसून. मी म्हटलं, अजून एक देऊ का रोल? तर म्हटल्या, रोल नगं गं. रोल काय, कुठं बी मिळंल. माजं खरकटं कुनीतरी उचलतंय, तेवढं बघाय येते मी."

मी गोधडीवर हात फिरवला.

"हे बाबांना सांगितलंत?" मी विचारलं.

"न्हाई बा. साहेबांनी इचारलं, काकूंना खायाला काय आवडायचं? तेवढंच ह्यांनी सांगिटलं. पुढचं कसं सांगायचं, तुमीच सांगा."

परतताना बोळात अंधार पडला होता. रडू येईल असं मला वाटलं होतं, पण आला तो रागच. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि त्यानंतरही आला नाही. कोणी आपलं खरकटं उचलावं एवढ्यासाठी माझी आई तूप-साखर घेऊन परक्याच्या पोत्यावर जाऊन बसत होती. आणि बाबा सहा महिने लाटणं फिरवत होते ते भलत्याच गोष्टीसाठी. त्यांना वाटत होतं, तिला रोल हवा होता.

दुसऱ्या दिवशी आत्या पहाटेच आली. स्वयंपाक झाला, गुरुजी आले, बाबांनी सगळं यथासांग केलं. मी वाढत होते आणि कुणाशीच फारसं बोलत नव्हते. पुरण छान झालं होतं. गुरुजी जेवून, दक्षिणा घेऊन गेले. मग बाबा जेवले, दोन पोळ्या, वर तूप.

आणि जेवण झाल्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, हात धुतले आणि उठले.

वर्षभर हा माणूस एकटा राहत होता. स्वतःचं ताट स्वतः घासत होता, ओटा पुसत होता, चहा शिकला होता, भट्टीवर पत्रे धूत होता. घरात दोन बायका आल्याबरोबर हात आपोआप ताटात गेले. त्यांच्या लक्षातही आलं नाही. आत्याच्याही नाही. तिने बोलता बोलता ते ताट उचललं, पाणी सांडू नये म्हणून तोलत मोरीत नेलं, आणि येऊन माझ्याशी वांग्याच्या भावाबद्दल बोलू लागली.

दुपारी आत्याला सांगलीच्या बसमध्ये बसवून बाबा परत आले. हातात आईचा डबा होता, झाकणावर तिचं नाव कोरलेला. आदल्या दिवशीच वळून ठेवलेले रोल बेकरीतून भाजून आणले असणार. आईच्या फोटोखाली पाट मांडला होता. बाबांनी बशीत एक रोल काढून फोटोपुढे ठेवला. ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही अडवलं नाही. मग त्यांनी दुसरी बशी घेतली, त्यात एक रोल घातला आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवली.

"तू जाते म्हणालीस तर मी काय बोलणार," ते म्हणाले. "पण खाऊन जा. आजचा चांगला उतरलाय."

मी मांडी घालून बसले आणि खाल्ला. सगळा खाल्ला. आदल्या दिवशीपेक्षाही चांगला झाला होता. पापुद्रे मोडत होते, मलई थंडगार होती, आणि एकेका घासागणिक माझा संताप वाढत होता, कारण वाईट झाला असता तर मी त्यांना सोडून दिलं असतं. येत नव्हतं बिचाऱ्यांना, असं म्हणता आलं असतं. त्यांना येत होतं. पहिल्यापासून येण्यासारखं होतं.

बाबा समोर खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. नावं ठेवली जातील का, म्हणून बघतात तसे.

मी पाण्याचा पेला उचलला, बशीत पाणी ओतलं आणि त्यात हात धुतले. पापुद्र्यांचा चुरा पाण्यावर तरंगायला लागला. बशी मी जमिनीवर तशीच ठेवली, पदराला हात पुसले आणि भिंतीला टेकून बसले.

"हे काय?" बाबा म्हणाले.

मी बशीकडे बघत राहिले.

त्यांनी वाट बघितली. मीही बघितली. बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यांना वाटलं असेल, आता उचलेल, मग उचलेल. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते खुर्चीचा हात धरून उठले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बशी उचलली. पाणी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी तोलत मोरीकडे निघाले.

"हे आवडायचं तिला," मी मागून म्हणाले.

ते थांबले. "काय? रोल ना?"

"रोल नाही."

आणि मग मी सगळं सांगितलं. पोतं, गोधडी, पाय वर घेऊन बसणं, बशी खाली ठेवून वाट बघणं. हलीमा जे बोलली, त्यातला एक शब्दही गाळला नाही. त्यांच्या पाठीला सांगितलं, कारण ते वळलेच नाहीत. माझं बोलणं संपल्यावर ते मोरीत गेले आणि नळ सुटल्याचा आवाज आला.

नळ बराच वेळ वाहत राहिला. एक बशी धुवायला एवढं पाणी लागत नाही. मधेच भांडं हातातून निसटल्याचा आवाज झाला आणि ते म्हणाले, "निरू," आणि पुढे काही म्हणाले नाहीत.

मी मिरजेला परत जातच राहिले. बाबा गेले तोवर जात राहिले. ते पाऊल टाकणार नाही वगैरे रागाच्या भरातलं होतं. पण त्या दुपारी मोरीतून त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा घेतलं, अगदी हळू, आणि मी उठले नाही.